पिल्लाची झोळी: पाय मातीला न लावता बाहेरचं जग

फाल्गुन लागला की सातारा-सांगलीकडे गारवा सकाळपुरताच उरतो. याच दिवसांत दोन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू घरात आलं असेल तर पेच पडतो. साधारण 3 ते 14 आठवड्यांच्या वयात पिल्लू जे बघतं, ऐकतं, हुंगतं त्याला ते सहसा पुढे बुजत नाही. लसींचे डोस मात्र 6 ते 8 आठवड्यांना सुरू होऊन 3-4 आठवड्यांच्या अंतराने 16 आठवड्यांपर्यंत चालतात. आईच्या चिकातून आलेली प्रतिकारशक्ती आधीच्या डोसांना निष्प्रभ करू शकते, म्हणून शेवटचा डोस चुकवायचा नाही. तोवर रस्त्यावर सोडलं तर पार्व्हो या जीवघेण्या उलट्या-जुलाबाच्या रोगाची भीती, कारण त्याचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. खांद्याला अडकवायची कापडी झोळी नेमकी या काळासाठी आहे, आणि लहान चणीच्या पिल्लासाठी ती घ्यावीच असं आमचं मत आहे.

दोन प्रकार मिळतात. एक एका खांद्यावरून तिरकी येणारी, तळ सपाट असलेली झोळी. दुसरी छातीवर बांधायची बॅग, जिच्या भोकांतून पिल्लाचे चारही पाय बाहेर लोंबतात. दुसरी घेऊ नका. तिच्यात सगळं वजन काखेत आणि जांघेत येतं, पाठ उभी ताणली जाते.

पहिल्या प्रकारात कापड जाड सुती कॅनव्हासचं बघा. चकचकीत पॉलिस्टरची झोळी दिसायला छान, पण आत हवा खेळत नाही. पट्टा जिथे झोळीला जोडलाय तिथे चौकोनी शिलाई आणि तिच्यात फुली हवी. एकेरी शिलाई तिथूनच उसवते. तळाला बहुतेकांनी पातळ पुठ्ठा घातलेला असतो. एकदा शू झाली की तो मऊ पडतो, झोळीचा पाळणा होतो आणि पिल्लाची पाठ वाकते. तो काढून मापाचा प्लायवूडचा तुकडा कडा घासून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून घाला, वर जुना टॉवेल.

आतला हूक सगळ्यात महत्त्वाचा. तो छातीपट्ट्यालाच (हार्नेसला) लावायचा, गळपट्ट्याला कधीही नाही. पिल्लाने उडी मारली तर गळपट्ट्यावर फास बसतो. हुकाची पट्टी इतकी आखूड ठेवा की पिल्लू बसू-वळू शकेल, पण पुढचे पाय काठाबाहेर टाकू शकणार नाही. झोळी बेंबीच्या वर राहील असा पट्टा आवळा आणि एक हात कायम तळाखाली ठेवा. दुचाकीवर ही झोळी वापरू नये.

मर्यादा वजनाची. 5 किलोच्या पुढे खांदाही भरतो आणि शिलाईवरही ताण येतो. पॉमेरियन पिल्लाला ती सगळे डोस होईपर्यंत पुरू शकते. लॅब्रॅडॉरसाठी पैसे घालवू नका, दोन-तीन आठवड्यांत ते मावेनासं होतं. त्याला गाडीच्या खिडकीतून किंवा मांडीवर घेऊन जग दाखवा.

दुसरी मर्यादा उष्णतेची. कुत्रं मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतं, आणि इथे एका बाजूला माणसाचं अंग, दुसऱ्या बाजूला जाड कापड. त्यामुळे सकाळी 8 च्या आत किंवा दिवेलागणीनंतरच, तेही 15 मिनिटं. पहिले दोन दिवस फाटकाशी 5 मिनिटं पुरे. मग गल्ली, मग साताऱ्यातल्या राजवाड्यासमोरची किंवा सांगलीतल्या विश्रामबागची वर्दळ, पण लांबून. उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवत आला की हरभऱ्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या. तुकडा नाकारला, कान मागे गेले, जांभया सुरू झाल्या, ओठ चाटायला लागलं, तर ते घाबरलंय. त्याला तिथेच थांबवून सवय लागत नाही, भीती मुरते. वीस पावलं मागे या. धुळवड आणि रंगपंचमीला बाहेर काढूच नका.

आपल्याकडे खिशात बेदाणे असतात, तासगाव जवळच. प्रेमाने कुणी दोन दाणे पुढे केले तरी हात अडवा. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

झोळीच्या बाबतीत हमखास होणारी चूक म्हणजे दवाखान्यात ती फरशीवर ठेवणं. आजारी कुत्री तिथेच बसलेली असतात. पार्व्हो कापडाला चिकटून घरी येतो. झोळी मांडीवरच ठेवा आणि बाहेरच्या चपला दारातच काढा. धुताना आधी साबणाने मळ पूर्ण काढा, कारण मळ असेल तर ब्लीच काम करत नाही. मग 1 भाग घरगुती ब्लीच आणि 30 भाग पाणी यात 10 मिनिटं भिजवून स्वच्छ खळबळा. रंग उडतो, म्हणून फिक्या रंगाची झोळी घेतलेली बरी. पूर्ण वाळल्यावर, वास गेल्यावरच पिल्लू आत ठेवा.

शेवटच्या डोसनंतर साधारण दोन आठवड्यांनी पाय जमिनीला लागू द्या. रेबीजची लसही 12 आठवड्यांनंतर झालेली असावी. तेव्हा अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वाळलेल्या गवताची कुसळं असतात. ती बोटांच्या बेचक्यात आणि कानात शिरतात आणि पुढेच सरकतात, म्हणून घरी आल्यावर प्रत्येक पंजा उघडून बघा. गोचिडही त्याच वेळी, कानाच्या पाळीच्या आत.