ऑर्बिस वापरून बघितलं: रोमहून निघालो तर कधी पोचणार?

इतिहासाचा नकाशा म्हटलं की रंगीत पट्टे, त्यावर एक बाण, बाणाखाली सन, झालं. बाण लांब म्हणजे प्रवास लांब असं आपण धरूनच चालतो आणि ऑर्बिस नेमकं तिथेच आपल्याला तोंडावर पाडतं.

स्टॅनफर्ड विद्यापीठाची साईट आहे, वॉल्टर शायडल आणि एलायजा मीक्स यांनी केलेली, 2012 पासून चालू, फुकट. साधारण सन 200 च्या सुमाराचं रोमन साम्राज्य, 632 ठिकाणं, 84 हजार किमीच्या वर रस्ते, शिवाय नद्या आणि समुद्र. कुठून कुठे, कुठल्या ऋतूत, लवकर हवंय का स्वस्तात, हे सगळं आपण निवडायचं, मग किती दिवस आणि किती खर्च ते साईट काढून देते. बैलगाडी दिवसाला 12 किमी धरलीय आणि पायी 30, म्हणजे सामान नसेल तर सरळ चालत सुटा :) टप्प्याटप्प्याला घोडा बदलणारा निरोप्या मात्र 250.

रोम ते अलेक्झांड्रिया उन्हाळ्यात टाका, मग उलटं टाका. समुद्र तोच पण परतीला दिवस भरपूर वाढतात, कारण तेव्हा तिकडे वारा उत्तरेचा, जाताना पाठीवर आणि येताना तोंडावर. आमच्या कोकणातल्या तांडेलाला हे सांगायला नको, पण मला पुस्तकात वाचून कधी कळलं नव्हतं ते इथे दोन क्लिकमध्ये कळलं.

खर्चाचा हिशोब रोमन सम्राट डायोक्लेशनच्या 301 सालच्या दरपत्रकावरून घेतलाय. गाडीने माल नेणं समुद्रापेक्षा पन्नासेक पट महाग! सगळ्यात भारी म्हणजे कार्टोग्राम, त्यात अंतर किमीत नाही तर दिवसांत नाहीतर पैशात मोजून नकाशाच परत काढतात, मग लांबची बंदरं रोमला येऊन चिकटतात आणि आतल्या मुलखातली गावं पार लांब फेकली जातात. आधी हेच उघडा, आणि लॅपटॉपवरच, मोबाईलवर ठिपके धरता धरता जीव जातो.

एक खटकलं. उत्तर दशांशापर्यंत ठाम येतं, पण ती असंख्य प्रवासांची सरासरी आहे, एका माणसाच्या प्रवासाचं भाकीत नव्हे. "कमीत कमी इतके, जास्तीत जास्त इतके" असं दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

आणि नकाशा रोमन जगाच्या कडेला संपतो, त्यामुळे पेरिप्लसमध्ये, म्हणजे त्या काळच्या ग्रीक व्यापारी-खलाशांच्या मार्गदर्शक पुस्तकात, नाव असलेली आपली भडोच, कल्याण ही बंदरं यात नाहीत. जुन्नरहून नाणेघाटाने कल्याण, एकदा आषाढात आणि एकदा माघात, बैलाच्या पाठीवर माल घालून, असं कुणी केलं तर मी रात्रभर तेच खेळत बसेन.