टाटांची वाट की वालचंदांची?

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना असलेले एक स्नेही परवा म्हणाले, "वडिलांच्या नावानं काहीतरी करायचंय. स्वतःचा ट्रस्ट काढू, की चालत्या संस्थेला देऊ?"

टाटांचं उदाहरण सगळे देतात. १९३२ मध्ये दोराबजींनी बहुतेक सगळी मिळकत ट्रस्टला दिली. आज टाटा सन्सचे जवळपास दोन तृतीयांश शेअर्स ट्रस्टांकडे आहेत, म्हणजे धंदा कमावतो तोवर दान आटत नाही. मुंबईत परळचं टाटा कॅन्सर हॉस्पिटल याच पैशातून १९४१ मध्ये उभं राहिलं आणि पुढे सरकारकडे गेलं. रिपोर्टांची पिशवी मांडीवर घेऊन रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं तिकडे निघालेली माणसं आपण पाहतोच. राजकीय पक्षांच्या देणग्यांसाठीही १९९६ मध्ये त्यांनी वेगळा ट्रस्ट काढला. हात थोडा लांबच ठेवला.

उद्योगपती वालचंद हिराचंद मात्र आपले, १८८२ चा जन्म सोलापूरचा. त्यांना राजकारणापासून लांब राहणं परवडणारंच नव्हतं. त्यांच्या सिंदिया या जहाज कंपनीची 'लॉयल्टी' बोट ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघाली, आणि गोऱ्या बोट कंपन्यांशी दावा सुरू झाला. सरकारशी भांडायचं आणि परवानगीही त्याच सरकारकडे मागायची! १९४० मध्ये बंगलोरला विमानाचा कारखाना काढला, १९४२ मध्ये सरकारनं तो ताब्यात घेतला. सिंदिया गेली, त्यांच्या प्रीमियर मोटार कंपनीच्या पद्मिनी टॅक्सीही गेल्या. नाव टिकलं ते सोलापूरच्या अशोक चौकात. तिथलं वालचंद कॉलेज आणि १९८३ चं इंजिनिअरिंग कॉलेज जैन पाठशाळेची संस्था चालवते. पूर्व भागातल्या यंत्रमागवाल्यांची किती पोरं तिथून बाहेर पडली!

टाटांची वाट भारी खरी, पण तिला टाटांएवढे शेअर्स लागतात. छोट्या ट्रस्टचं ऑडिट, धर्मादाय कार्यालयाच्या खेपा, विश्वस्तांची भांडणं हे सगळं मी जवळून पाहिलंय. ओळखीतल्या एका ट्रस्टमध्ये काका-पुतण्यांनी दोन वेगवेगळे ताळेबंद सादर केले. शिष्यवृत्ती राहिली बाजूला.

म्हणून स्नेह्यांना सांगितलं: चालत्या कॉलेजात ठेव ठेवा. व्याज कोणाला आणि कधी मिळणार, ते करारात लिहून घ्या. निवड समितीत घरचं एकच माणूस ठेवा, आणि नगरसेवक एकही नको.