व्हिसाच्या मेडिकलसाठी जुने पेपर 'काढून देतो' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका

व्हिसा एजंटने आमच्याकडून किती उकळले तो आकडा आधीच सांगतो. ४९,९४० रुपये. त्यात १२,००० 'फाइल चार्ज', ९,४४० 'हॉस्पिटल रेकॉर्ड काढण्याची फी, जीएसटी धरून' आणि २८,५०० 'स्पेशालिस्टचं ओपिनियन लेटर'. जीएसटी घेतला, पण पावतीवर जीएसटी नंबर नाही. आणि या पैशांपेक्षा जास्त झोंबतंय ते वेगळंच. माझ्या बायकोच्या छातीचा २०१४ चा मूळ एक्सरे आणि हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड त्या माणसाकडे अडकलं, ते आजतागायत परत मिळालेलं नाही.

मुलगा कॅनडात आहे, सूनबाईंचे दिवस भरत आले होते. आम्हा दोघांसाठी सुपर व्हिसाचं ठरलं, म्हणजे तिकडे राहणाऱ्यांच्या आईवडिलांसाठी असतो तो जास्त मुदतीचा व्हिसा. या व्हिसाला मेडिकल लागतंच, आणि ते कॅनडा सरकारने नेमलेल्या पॅनल डॉक्टरकडेच करावं लागतं. नेहमीच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट चालत नाही. मुलाच्या नाइट शिफ्ट, तिकडचं घर, सूनबाईंची तब्येत, या सगळ्यात त्याला फॉर्म भरत बसायला सांगणं मला बरोबर वाटलं नाही. ओळखीतल्या एकांनी पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीचं नाव सांगितलं. त्यांच्या मुलीचं काम तिथूनच झालं होतं. रस्त्यावरच्या कुठल्या तरी पाटीवर विश्वास ठेवून मी गेलो नव्हतो, हे आधी नीट सांगायला हवं, कारण आता जो येतो तो 'एवढं शिकलेले असून तुम्ही कसे फसलात' एवढंच विचारतो.

बायकोला २०१४ मध्ये टीबी झाला होता. थुंकीतून रक्त पडलं म्हणून आधी खासगी हॉस्पिटलात ॲडमिट केलं होतं, मग तिथल्या छातीच्या डॉक्टरांनी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉट्सवर, म्हणजे टीबीच्या सरकारी उपचारांवर पाठवलं. सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण केला, बरी झाली. पॅनल क्लिनिकच्या एक्सरेत उजवीकडे वरच्या बाजूला जुना डाग दिसला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आम्ही खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, जुने उपचारांचे कागद आणि त्या वेळचा एक्सरे असेल तर आणा, थुंकीची तपासणीही करावी लागेल. त्यांच्या बोलण्यात घाबरवणारं काहीही नव्हतं.

घाबरवलं ते कन्सल्टन्सीच्या एजंटने. मी फोनवर हे सांगितलं, तर म्हणाला, "काका, कागद मिळाले असं क्लिनिकला परस्पर कळवू नका. एकदा थुंकी घेतली की सिस्टिममध्ये लाल शेरा पडतो. मग काकूंचं नाव कायमचं गेलं. आधी रेकॉर्ड पक्कं करू, आमचा माणूस हॉस्पिटलमधून फाइल काढून आणतो."

यातलं एक अक्षरही खरं नाही. पूर्वी टीबी होऊन पूर्ण बरा झालेल्या माणसाला कॅनडा त्या कारणावरून व्हिसा नाकारत नाही. चालू टीबी असेल तर उपचार पूर्ण होईपर्यंत थांबवतात. जुना, शांत झालेला टीबी असेल तर तिकडे पोचल्यावर ३० दिवसांत तिथल्या सरकारी आरोग्य खात्याकडे नोंद करा, असं पत्र देतात, बस्स. पॅनल डॉक्टर रिपोर्ट ऑनलाइन थेट पाठवतात, निर्णय त्यांच्याही हातात नसतो. तेव्हा क्लिनिकमध्ये 'आपला माणूस' आहे असं जो म्हणतो, त्याच्या ऑफिसातून त्याच पावली बाहेर पडा.

आम्ही पडलो नाही, कारण हॉस्पिटलने आधीच दमवलं होतं. मी स्वतः रेकॉर्ड रूमला गेलो होतो. तिथला क्लार्क आधी म्हणाला पेशंटला घेऊन या. तिला घेऊन गेलो तर म्हणाला अर्ज टाइप करून आणा. तो दिला तर इतकं जुनं आम्ही ठेवत नाही. मग हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं? डॉक्टरांना भेटू द्या म्हटलं तर ओपीडीचा केसपेपर काढा, नंबर लावा. अशा वेळी कोणी म्हणालं की आमचा माणूस आत आहे, तर कोणीही सुटकेचा श्वासच टाकेल.

नियम काय आहे ते मला नंतर कळलं, तुम्ही आधीच वाचून ठेवा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत आहे की ॲडमिट पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवायचं आणि पेशंटने मागितलं तर ७२ तासांत द्यायचं. न देणं हे डॉक्टरचं गैरवर्तन धरलं जातं. केसपेपरच्या प्रती पेशंटला किंवा नातेवाइकांना द्याव्याच लागतात, असं मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलेलं आहे. म्हणजे ११ वर्षं जुने कागद नसणं हा हॉस्पिटलचा गुन्हा नव्हे, पण 'आमच्याकडे नाहीत' एवढी एक ओळ शिक्क्यासह लिहून द्यायला काय हरकत होती? ती ओळ हातात असती तर 'आम्ही फाइल काढली' ही एजंटची थाप तिथल्या तिथे उघडी पडली असती. अर्ज कधीही तोंडी करू नका. दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या.

तर एजंटने ९,४४० घेतले आणि 'पडताळणीसाठी ओरिजिनल लागतात' म्हणून आमच्याकडे उरलेला एक्सरे आणि डिस्चार्ज कार्डही ठेवून घेतलं. पुढच्या आठवड्यात २८,५०० मागितले, तेही यूपीआयने दिले. त्यानंतर फाइल हातात आली. स्पायरल बाइंडिंग केलेली, वर प्लॅस्टिकचं कव्हर, आत हॉस्पिटलचा कागद, डॉक्टरांची सही, गोल शिक्का आणि शेवटी डॉट्सचं उपचार कार्ड.

त्या कार्डापाशी मला थांबायला हवं. आजही डोळे मिटले की ते कार्ड समोर येतं. बायकोने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "अहो, यात वजन ५८ लिहिलंय. मी तेव्हा ३९ किलोची झाले होते." बरोबर होतं तिचं. त्या दिवसांत तिच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायच्या. ५८ हे तिचं आजचं वजन, जे आम्ही एजंटच्या फॉर्मात स्वतःच्या हाताने भरलं होतं. पुढे ती म्हणाली, "आणि गोळ्या रोज लिहिल्यात. मी तर सोमवार, बुधवार, शुक्रवार घ्यायचे." तेही बरोबर. त्या काळी डॉट्सच्या गोळ्या आठवड्यातून तीनदा असत, दवाखान्यात पेशंटच्या नावाचा खोका असे आणि ताईंसमोर गिळाव्या लागत. रोजचा डोस देशभर सुरू झाला तो २०१७ पासून.

मी एजंटला लगेच फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "काका, नवीन फॉरमॅटमध्ये डेटा टाकला की असं ऑटोमॅटिक येतं." मला ते पटलं. सरकारी सॉफ्टवेअरचे गोंधळ आपण सगळेच रोज बघतो. रेशन कार्डावर वय चुकतं, सातबाऱ्यावर नाव चुकतं, मग इथे वजन चुकलं तर त्यात एकदम खोटेपणा कोण शोधेल? वर सही आणि शिक्का समोर दिसत होता. माझ्या जागी कोणीही हेच धरलं असतं, असं मी अजूनही म्हणतो. पण तिने चष्मा काढून माझ्याकडे बघितलं होतं, तो क्षण जाता जात नाही.

पितळ उघडं पडलं ते पैशांच्या पुढच्या मागणीने. "फाइल सीनियर ऑफिसरकडे अडकली आहे, ६०,००० लागतील." कुठली फाइल, कुठला ऑफिसर? तेव्हा मी ती स्पायरल फाइल घेऊन तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, टीबीच्या विभागात गेलो. तिथल्या सुपरवायझर साहेबांनी कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि वरच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे छापलं होतं 'राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम'. ते म्हणाले, "हे नाव २०२० मध्ये आलं. २०१४ च्या कार्डावर 'सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रम' असायला पाहिजे. हे कोणीतरी आत्ता छापलंय."

माझ्या पायांतली ताकदच गेली. कारण ही फाइल अर्जासोबत अपलोड होणार होती. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम ४० असं आहे की खोटी माहिती किंवा खोटा कागद दिला तर ५ वर्षं प्रवेशबंदी. एजंट मात्र सुटला असता. सही अर्जदाराची असते, जबाबदारी अर्जदाराची असते. अर्ज अजून गेला नव्हता एवढंच नशीब.

त्याच सुपरवायझर साहेबांनी कपाटातून जुनी रजिस्टरं काढली. पिवळी पडलेली, कडा कुरतडलेली. त्यात तिचं नाव, टीबी नंबर, सुरुवातीच्या आणि शेवटच्या थुंकीचे निकाल आणि 'बरा' हा शेरा, सगळं होतं. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी त्यावरून सही-शिक्क्याचं सर्टिफिकेट दिलं. खर्च शून्य. ज्यांनी सरकारी डॉट्स घेतले असतील त्यांनी खासगी हॉस्पिटलच्या मागे लागण्याआधी टीबी विभागात जा. ही गोष्ट मला आधी कोणीही सांगितली नाही, हॉस्पिटलच्या क्लार्कनेही नाही.

खासगी हॉस्पिटलचे ते छातीचे डॉक्टर मला शेवटी भेटले. माणूस भला निघाला. फाइलमधली सही माझी नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. 'तुमच्याकडचं डिस्चार्ज कार्ड दाखवा, त्यावरून मी पत्र देतो' म्हणाले. आणि कार्ड एजंटकडे! त्याचा मोबाइलवर साधा फोटोही आमच्याकडे नव्हता. मूळ कागद पॅनल क्लिनिकमध्ये दाखवायला न्या, पण बाकी कोणाच्याही हातात सोडू नका. एक्सरेची फिल्म उजेडासमोर धरून फोटो काढा, नाव आणि तारीख दिसेल असा.

आता पोलिसांचं. स्टेशनला गेलो तर ड्युटीवरचे म्हणाले, "तुम्ही राजीखुशीने पैसे दिलेत, हा दिवाणी मामला आहे." दिवाणी कसा? डॉक्टरची खोटी सही, खोटा शिक्का, सरकारी कार्यक्रमाचं खोटं कार्ड, हे दिवाणी? मग म्हणाले पैसे ऑनलाइन गेलेत, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, तुम्ही ऑफिसात बसून व्यवहार केलाय, हे सायबरमध्ये बसत नाही, स्टेशनला जा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नंबर मिळाला, पण पैसे खात्यातून पुढे गेलेले. तिथे पहिल्या काही तासांतच फोन गेला तर उपयोग असतो, आम्हाला कळलंच उशिरा. मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी कार्यालयाकडे विचारलं तर त्यांच्याकडे परदेशी नोकरीच्या भरतीचे एजंट येतात, व्हिसा सल्लागार येत नाहीत. कॅनडात व्हिसा सल्लागारांना लायसन्स देणारी संस्था आहे, तिला 'कॉलेज' म्हणतात, तिची यादी मुलाने ऑनलाइन तपासली. एजंटच्या व्हिजिटिंग कार्डावरचा लायसन्स नंबर भलत्याच माणसाचा निघाला. म्हणजे हा त्यांचा सभासदच नाही, ते तरी कारवाई कोणावर करणार? एक भामटा राजरोस एसी ऑफिस थाटून बसतो आणि त्याला हात लावण्याचा अधिकार आमचा नाही, हे मी प्रत्येक टेबलावर ऐकलं. साठी ओलांडलेल्या माणसाने किती जिने चढायचे? कर आम्ही भरतो तो ही उत्तरं ऐकायला?

ती यादी सगळ्यांना खुली आहे. कॅनडाच्या अर्जासाठी पैसे घेऊन सल्ला देण्याचा अधिकार तिथले लायसन्सधारक सल्लागार, तिथले वकील, लायसन्स असलेले पॅरालीगल (कायदा सहायक) आणि क्युबेकचे नोटरी एवढ्यांनाच आहे. पैसे देण्याआधी नाव आणि नंबर, दोन्ही जुळवून बघा. नुसता नंबर बघू नका.

थुंकीची तपासणी आम्हाला करावीच लागली, जशी डॉक्टरीणबाईंनी पहिल्या दिवशी सांगितली होती. तीन नमुने, कल्चरचा (जंतू वाढतात का बघायच्या तपासणीचा) निकाल यायला आठवडेच्या आठवडे. सगळं निगेटिव्ह आलं, मेडिकल झालं, व्हिसाही मिळाला, सोबत ते ३० दिवसांत नोंद करायचं पत्र. पण बाळंतपण होऊन गेलं. पहिल्या बाळंतपणात सूनबाईंपाशी घरचं बाईमाणूस नव्हतं, बारशाला आम्ही व्हिडिओ कॉलवर होतो. हे नुकसान कुठल्या अर्जात, कुठल्या रकान्यात लिहायचं?

शेवटी वकिलांच्या सांगण्यावरून लेखी तक्रार पोस्टाने थेट पोलीस अधीक्षकांकडे पाठवली. स्टेशनने गुन्हा नोंदवला नाही तर तसं करता येतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती तरतूद आहे. त्यानंतर स्टेशनमधून जबाबाला बोलावणं आलं. ग्राहक आयोगातही अर्ज टाकला आहे, ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी नाही. त्याच एजंटच्या ऑफिसात ज्यांचे मूळ कागद अडकलेत त्यांनी तक्रारीत नुसतं 'पैसे घेतले' असं लिहू नका. न्याय संहितेची तीन कलमं लिहा: फसवणुकीचं ३१८, खोटे कागद बनवण्याचं ३३६ आणि विश्वासाने दिलेली वस्तू दाबून ठेवल्याबद्दल ३१६. कुठला एक्सरे, कुठल्या तारखेचा, कोणत्या दिवशी दिला, हेही लिहा. आणि तक्रार एकट्याने देऊ नका. आमच्यासारखे आणखी दोघं पुढे आले तर 'दिवाणी मामला' म्हणून आम्हाला परत पाठवणं पोलिसांना जड जाईल.