एकट्या घराला सोबत कुणाची : दुसरं लग्न, कुत्रं की दुधाचं जनावर?

गावात बायको गेलेल्या साठीच्या माणसाला लोक लगेच सांगतात, दुसरं लग्न करा. नवरा गेलेल्या बाईला सांगतात, नातवंडांत मन रमव. आणि दोघांनाही सांगणारे असतातच की, दारात एखादं जनावर बांधा, जीव रमेल. मी यवतमाळ जिल्ह्यात आरोग्य खात्याच्या कामावर गावोगाव बीपी-शुगर तपासत फिरतो. तिशीच्या वरच्या सगळ्यांची तपासणी असते, त्यामुळे एकटी राहणारी माणसं हटकून भेटतात. पट्टा सोडता सोडता एखादे काका हळूच विचारतात, "भाऊ, पोरगा नागपूरले, मी अन् ह्या चार भिंती. लगन करू का कुत्रं पाळू, सांगा बरं." ते गंमत करत नसतात, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

माणसाची जनावराशी तुलना कशी करता, असं काहींना वाटेल. पण इथं कुणाची किंमत ठरवायची नाही. कोण जवळ असलं की आपल्या शरीरात काय होतं आणि घरात काय बदलतं, एवढंच बघायचं आहे. शास्त्रज्ञांनीही हेच बघितलं आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो इथं कॅरन अॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 240 विवाहित जोडप्यांवर केलेला अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. निम्म्या घरांत कुत्रा किंवा मांजर होतं. लोकांना भराभर तोंडी वजाबाक्या करायला लावल्या, बर्फाच्या पाण्यात हात बुडवायला लावला, आणि नाडी व रक्तदाब मोजला. पाळीव प्राणी जवळ असताना तो सगळ्यांत कमी वाढला. वजाबाकीच्या वेळी नवरा किंवा बायको शेजारी असली, तेव्हा तो सगळ्यांत जास्त वाढला.

हे मला ओसरीवर रोज दिसतं. काका खाटेवर बसलेले, दंडाला पट्टा बांधलेला, मी 'पाच मिनिटं बोलू नका' म्हणून सांगितलेलं. तेवढ्यात काकू दारातून म्हणतात, "काल लोणचं खाल्लं ते सांगा न त्यांयले!" काकांच्या मानेची शीर लगेच ताठ होते, आणि मला पुन्हा पाच मिनिटं थांबून नव्यानं मोजावं लागतं. खाटेखालचं गावठी कुत्रं मात्र पायावर हनुवटी टेकून पडलेलं असतं. काकांनी लोणचं खाल्लं काय अन् न खाल्लं काय, त्याला त्याचं काही नसतं.

पण एवढ्यावरून 'कुत्रंच बरं' म्हणाल तर दुसरी बाजू राहून जाते. 2006 साली जेम्स कोन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 16 विवाहित बायकांना विजेचा सौम्य झटका बसणार असं सांगून मेंदूचं स्कॅन केलं. नवऱ्याचा हात हातात असला की मेंदूतली भीतीची खळबळ चांगलीच कमी व्हायची. परक्या माणसाच्या हातानं ती थोडीच कमी व्हायची. आणि ज्यांचा संसार समाधानाचा होता, त्यांना नवऱ्याच्या हाताचा आधार जास्त लागू पडला. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की मला असं दिसतं : चूक काढली जाईल अशी धास्ती असते तिथं मुकं जनावर सुखाचं, आणि खरोखरचं संकट येतं तिथं आपलं माणूस लागतं.

विदर्भात ते संकट कसं येतं, हे मी बघितलं आहे. लकवा. रक्ताची गुठळी अडकून लकवा मारला, तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आमच्याकडून सेवाग्राम किंवा नागपूर गाठण्यातच त्यातला बराच वेळ जातो. तिथं पोचल्यावर डॉक्टर पहिलं विचारतात : शेवटचे धडधाकट कधी दिसले होते? एकट्या घरात याचं उत्तर द्यायला कोणी नसतं. कुत्रं रात्रभर भुंकेल, दार ओरबाडेल, शेजारी गोळाही होतील. पण 'नऊ वाजता जेवले, तेव्हा नीट बोलत होते' हे माणूसच सांगू शकतं, 108 ला फोनही माणूसच लावतं. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हाही तेच. उष्माघातात माणूस बरळायला लागतो आणि ते त्याचं त्याला कळत नाही. 'हे असं काय बोलून राहिले' म्हणून ओळखणारं कोणीतरी घरात लागतं.

म्हणून ज्यांना बीपी, शुगर किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांनी फक्त कुत्र्याच्या भरवशावर एकटं राहू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. प्रकृती ठणठणीत असेल, वावर घराजवळ असेल, शेजार चांगला असेल, तर कुत्रं ही उत्तम सोबत आहे. स्वीडनमध्ये 40 ते 80 वयाच्या 34 लाख लोकांच्या 12 वर्षांच्या नोंदी तपासल्या. 2017 साली आलेल्या त्या निष्कर्षात एकट्यानं राहणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे कुत्रा होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका 33 टक्के कमी दिसला. धडधाकट माणसंच कुत्रा पाळतात असंही असू शकतं, त्यामुळे सगळं श्रेय कुत्र्याला देता येत नाही. पण सकाळी उठून त्याला भाकर टाकायची आहे, एवढ्या कारणानं अंथरूण सोडणारी माणसं माझ्या माहितीत आहेत.

आमच्याकडे कुत्र्याला कामही आहे. रोही (नीलगाय) आणि रानडुकरं पीक उलथून टाकतात, जागलीला कुत्रं असलं की धीर असतो. जंगलाला लागून असलेल्या गावांत मात्र बिबट्या कुत्र्यासाठीच गावात शिरतो, म्हणून तिथं ते रात्री बाहेर बांधून ठेवू नका. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, आणि पुढं दर वर्षी. कोणत्याही कुत्र्यानं चावा घेतला तर जखम वाहत्या पाण्यात साबणानं 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात यायचं. हळद-चुना भरत बसायचं नाही. रेबीज झाल्यावर माणूस जवळजवळ वाचतच नाही.

मांजर म्हणाल तर ती लळा तिच्या मनानं लावते. पण घरात धान्य असेल तर ती उंदीर धरते, आणि उंदीर कमी झाले की त्यांच्यामागं येणारे सापही कमी होतात.

दुधाचं जनावर फक्त सोबतीसाठी घेऊ नका. गवळाऊ गाय घ्या की पूर्णाथडी म्हैस, सरकीची ढेप, कुटार, पाणी, शेण आणि दोन्ही वेळचं दूध काढणं चुकत नाही. साठीनंतर एकट्यानं हे झेपत नाही, आणि लेकीकडं दोन दिवस जायचं म्हटलं तर गोठा कुणावर सोडायचा? एकट्या बाईला मी दोन-तीन शेळ्या सुचवतो. शेळी बांधावर चरते, अडीनडीला विकता येते, आणि ते पैसे तिच्याच हातात राहतात.

आता लग्न. इथं मी सगळ्यांत जास्त वेळ थांबतो, कारण यात दुसऱ्या माणसाचं आयुष्य आहे. 'रांधायला कोणी नाही' म्हणून बायको आणू नका. त्यासाठी डबा लावता येतो, स्वतः शिकता येतं. ती बाईही बहुधा एकटेपणातूनच येत असते. तिला काय हवं आहे, तिची मुलं कुठं राहतील, तिचं औषधपाणी कोण बघेल, हे पाहुण्यांसमोर नाही तर दोघांनी बसून बोला. आणि पुरुषाला लग्न सुचवणाऱ्या गावानं एकट्या बाईलाही तेवढ्याच मोकळेपणानं विचारावं. कायद्यानं विधवेच्या लग्नाला 1856 पासून मोकळीक आहे, तरी तिच्यासमोर विषय काढायला आजही लोक कचरतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मुलांचा विरोध बहुतेक वेळा जमिनीवरून असतो. ते उघड बोललेलंच बरं. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानुसार, मृत्युपत्र नसेल तर वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत दुसऱ्या पत्नीचाही मुलामुलींइतकाच एक हिस्सा असतो. तिच्या आधीच्या लग्नाच्या मुलांना, दत्तक घेतलं नसेल तर, त्यात वारसा येत नाही. लग्नाआधी घरच्यांना बसवून हे सांगा. दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करा, त्यात तिच्या राहत्या घराची सोय लिहा, आणि लग्नाची नोंदणी करून घ्या. नोंदणी नसली की पुढं हक्क सिद्ध करताना तिचेच हाल होतात.

मन अजून ठरत नसेल, तर लग्नाची घाई करू नका आणि पिल्लूही लगेच आणू नका. कुत्रं 10-12 वर्षं जगतं. उद्या पोरानं नागपूरच्या फ्लॅटवर नेलं तर त्याला भाकर कोण टाकणार, ते आधी शेजाऱ्याशी बोलून घ्या. तोवर रोज सकाळ-संध्याकाळ कोणीतरी हाक मारून जाईल अशी व्यवस्था लावा आणि आशाताईंचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.