१६ मिमीचा जुना प्रोजेक्टर: लष्करी 'जान' घ्यावा की शाळेतला नागरी?

फिल्म सोसायटीसाठी किंवा संग्रहालयासाठी १६ मिलिमीटरचा अमेरिकी बोलपट-प्रोजेक्टर घ्यायचा असेल तर बाजारात दोन जाती दिसतात: वर्गखोलीसाठी बनलेला नागरी आणि 'जान' शिक्क्याचा लष्करी. एकच रीळ दोन्हींवर चालते. सेकंदाला २४ चौकटी, आवाज चित्राच्या २६ चौकटी पुढे, छिद्रे एकाच कडेला, हे दोन्हीकडे सारखे. तेव्हा निवड वीज, दुरुस्ती आणि वाहतूक पाहून करा.

'जान' म्हणजे 'जॉइंट आर्मी-नेव्ही'. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने प्रशिक्षणासाठी १६ मिमीला पसंती दिली, कारण ३५ मिमीची नायट्रेट फिल्म पेट घ्यायची आणि तिला अग्निरोधक केबिन लागायची. १६ मिमी सुरक्षित ॲसिटेटवर यायची, आणि ११ मिनिटांना १००० फुटांऐवजी ४०० फूट फिल्म पुरायची. पण नागरी यंत्रे उष्ण, दमट बेटांवर टिकेनात आणि एका कंपनीचा सुटा भाग दुसरीच्या यंत्राला बसेना. मग अमेरिकन स्टँडर्ड्स असोसिएशनच्या युद्धसमितीने 'झेड ५२' मालिकेत युद्धमानके ठरवली, चाचणीच्या फिल्मांसकट.

त्यातली 'बझ ट्रॅक' फिल्म आजही मिळाली तर सोडू नका. ध्वनिपट्टीच्या एका बाजूला जाड सूर, दुसऱ्या बाजूला बारीक सूर, मधली जागा मुकी. आवाज वाचणारी प्रकाशाची चीर नेमकी बसली असेल तर काहीच ऐकू येत नाही. सरकली असेल तर जो सूर वाजतो त्यावरून ती कुठल्या बाजूला गेली ते कळते. खरेदीआधी दोन्ही यंत्रांवर ही फिल्म चालवून पाहा.

विजेचा प्रश्न आपल्याकडे सगळ्यांत मोठा. दोन्ही यंत्रे ११० व्होल्टची. १००० वॅटचा दिवा, मोटर आणि ॲम्प्लिफायर धरून किमान १५०० व्हीएचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. त्यापुढची अडचण फ्रीक्वेन्सीची. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, ६० हर्ट्झ देत नाही. मोटर इंडक्शन जातीची (जिचा वेग फ्रीक्वेन्सीवर ठरतो) असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर २४ च्या जागी सुमारे २० चौकटी पळतात आणि बाईचा आवाज पुरुषी वाटू लागतो. यावर पुली बदलणे हा उपाय. गव्हर्नरवाल्या, म्हणजे वेग आपोआप स्थिर ठेवणाऱ्या मोटरला हा त्रास नाही. म्हणून मोटरवरची पाटी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

ॲम्प्लिफायरमध्ये लष्करी यंत्र सरस. व्हॉल्व्हवर (काचेच्या निर्वात नळीवर) 'जान' आणि क्रमांक छापलेला असेल तर तोच क्रमांक कुठल्याही कंपनीचा चालतो. मात्र वायरिंगवर बुरशीरोधक वॉर्निश असू शकते, आणि त्यात कधी पाऱ्याची संयुगे असतात. ते कोरडे खरवडू नका, त्यावर सोल्डरिंग करताना खिडक्या उघड्या ठेवा. कागदी आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दोन्ही यंत्रांत बदलावेच लागतात.

नागरी यंत्र हलके. पट्टे, फिल्म छिद्रांत धरून ओढणारे पंजे, दिवे तुलनेने सहज मिळतात. आपल्याकडे जत्रेतल्या तंबू थिएटरांमुळे ३५ मिमीची दुरुस्ती जाणणारे कारागीर भेटतात, १६ मिमीचे फार थोडे, त्यामुळे सुट्या भागांना मी जास्त महत्त्व देईन. एका जागी महिन्याला दोन-चार खेळ असतील तर नागरीच घ्या. यंत्र टेम्पोतून गावोगाव फिरणार असेल आणि उचलायला दोन माणसे असतील तरच लष्करी.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर यंत्राला दोष देण्याआधी खालचा लूप, म्हणजे चित्राच्या खिडकीखाली सोडलेला फिल्मचा सैल वळसा, तपासा. तो दोन चौकटींनी चुकला की आवाज सेकंदाच्या बाराव्या भागाने सरकतो. रीळ चढवण्याआधी १०० छिद्रांचे अंतर मोजा. नव्या फिल्मचे ते ७६२ मिमी भरते. ७५४ च्या खाली आले तर फिल्म एका टक्क्याहून अधिक आकसली आहे आणि पंजा छिद्रे फाडणार. असे रीळ दोन्हींपैकी कुठल्याही यंत्रावर चढवू नका, थेट स्कॅनिंगला पाठवा.