नावांचं पेड ॲप आणि आमची मेकला (५ पैकी २ स्टार)

भावाला मुलगी झाली, मघा नक्षत्र चौथं चरण, म्हणजे अक्षर आलं मे. आता मेघा, मेधा, मेघना याच्या पुढे काही सुचेना. आत्या मी, कानात नाव मी सांगणार, म्हणून २९९ रुपये भरून बाळाच्या नावांचं एक ॲप घेतलं.

नक्षत्र टाकलं की अक्षर बरोबर येतं, यादी पटकन उघडते, एवढं चांगलं आहे. त्याच यादीत 'मेकला' दिसलं आणि मी तिथेच अडकले, इतकं गोड नाव कधी ऐकलंच नव्हतं. अर्थ काय दिलाय तर कमरपट्टा! खाली शुभ अंक, शुभ रंग सगळं आहे पण हा अर्थ आणला कुठून ते कुठेच नाही.

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले अगं कमरपट्टा म्हणजे मेखला, ख वाली, मुंजीत बटूच्या कमरेला बांधतात ती. मेकल हा डोंगर आहे, अमरकंटकचा, आज मैकल म्हणतात तो, तिथेच नर्मदा उगम पावते. बाबांनी पायी परिक्रमा केलीय त्यामुळे हे सांगताना त्यांचा आवाजच बदलला. मग अमरकोश हा जुना संस्कृत कोश काढला, त्यातल्या वारिवर्गात, म्हणजे पाण्याच्या शब्दांच्या भागात, नर्मदेच्या नावांची ओळच आहे, 'रेवा तु नर्मदा सोमोद्भवा मेकलकन्यका'. म्हणजे रेवा नाव घरोघरी पोचलं आणि त्याच ओळीतली ही मेकलाची लेक मागे राहिली.

अजून एक, आम्ही नागपूरचे, आणि वाकाटक या प्राचीन घराण्यातल्या राजा नरेंद्रसेनाची आज्ञा कोसल, मेकल आणि माळव्याचे राजे मानायचे असं वाकाटकांच्याच बालाघाट ताम्रपटात आहे. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे आपलं रामटेकजवळचं नगरधन, हे कळल्यावर तर वहिनीनेच नाव पक्कं केलं.

ॲपवाल्यांना एवढंच सांगणं आहे की क आणि ख मध्ये गल्लत करू नका आणि प्रत्येक अर्थाखाली कोश किंवा ग्रंथाचं नाव द्या, लोक आयुष्यभराचं नाव ठेवतात यावरून. मी दोनदा चूक कळवली, अजून कमरपट्टाच दिसतोय. यादीपुरतं घ्यायचं तर घ्या, अर्थ मात्र कोशात बघूनच ठरवा.

बारशाला कानात मेकला म्हटलं आणि बाबा मागून हळूच म्हणाले, नर्मदे हर.