काटा मध्यावर, आकडा ९८: जुन्या एसी गाडीत ओबीडी डबीचे नऊ महिने

गाडी २०१२ सालची, १२०० सीसी पेट्रोल हॅचबॅक, सव्वा लाख किलोमीटर झालेली. ओबीडी डबी म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरकडचे आकडे वाचून फोनवर पाठवणारं यंत्र; ही ईएलएम ३२७ चिपच्या प्रकारची साधी ब्लूटूथवाली, स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात बसणारी, आणि फोनवर एक फुकटचं ॲप. वापर ऑक्टोबर ते जून: परभणी शहर, संभाजीनगरच्या फेऱ्या, समृद्धी महामार्गावरचा जालन्याचा टप्पा आणि चाळीसगाव-कन्नड दरम्यानचा औट्रम घाट. मे महिन्यात एसी लावला की मराठवाड्यातल्या प्रत्येक जुन्या गाडीवाल्याला एकच धास्ती असते: इंजिन किती तापलं म्हणजे चालतं, आणि किती तापलं म्हणजे थांबायचं? डबी घेतली ती याच्या उत्तरासाठी.

डॅशबोर्डावरच्या काट्यावर याबाबतीत विसंबू नका. बहुतेक गाड्यांत तो मुद्दामच स्थिर ठेवलेला असतो. या गाडीत इंजिन थंड ठेवणारं पाणी ७८ अंशांवर गेलं की काटा मध्यावर येतो आणि १०४ पर्यंत जागचा हलत नाही. मधले २६ अंश काटा दाखवतच नाही, आणि नेमकी सगळी माहिती त्या २६ अंशांतच असते. काही गाड्यांत तर काटाही नाही, नुसता निळा आणि लाल दिवा. लाल लागला तेव्हा बिघाड होऊन गेलेला असतो.

आता आकडे. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा वॉल्व्ह, ८२ चा आहे, म्हणजे ८२ ला उघडायला लागतो आणि पूर्ण उघडायला ९५ च्या आसपास जातो. डिसेंबरात सकाळी, एसी बंद, मोकळ्या रस्त्यावर ८३ ते ८६. एप्रिल-मे मध्ये बाहेर ४२ अंश असताना एसी लावून ताशी ८० ने ८८ ते ९२. समृद्धीवर १०० ते ११० च्या वेगाने ९१ ते ९४. परभणीत गर्दीत, एसी चालू, गाडी जागेवर: ९२ ते ९८ मध्ये वरखाली. चाळीसगावकडून कन्नडला चढताना ट्रकांच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये, एसीसकट, १०१ ते १०३. वर सपाटीला आल्यावर चार मिनिटांत परत ९२. हे सगळे आकडे नॉर्मल आहेत. गर्दीत ९८ दिसलं म्हणून एसी बंद करून घामाघूम होण्याचं काही कारण नाही.

पाणी शंभरला उकळतं मग १०३ कसं चालतं, हा प्रश्न हमखास येतो. उघड्या भांड्यात परभणीच्या उंचीवर पाणी ९९ च्या जवळपासच उकळतं. पण रेडिएटरचं झाकण ०.९ बारचा दाब धरून ठेवतं, त्यामुळे आत साधं पाणी असलं तरी ते ११८ च्या आसपास उकळेल, आणि निम्मं कूलंट निम्मं पाणी असेल तर १२५ च्याही पुढे. म्हणूनच झाकणाचं रबर कडक झालं, चिरलं, की तीच गाडी तेवढ्याच आकड्यावर उकळते. दोन-तीनशे रुपयांची वस्तू आहे. जुन्या गाडीत सर्वात आधी तीच बदला, आणि झाकणावर छापलेला आकडा जुन्याशी जुळवूनच घ्या. गाडी थंड झाल्यावर वरचा होज पाइप चपटा पडलेला दिसला तर झाकणातला आत ओढणारा वॉल्व्ह चिकटलाय असं समजा.

एसीने तापमान का वाढतं हे नीट कळलं की पुढचं सोपं जातं. कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढे असतो. बाहेरची ४२ अंशांची हवा कंडेन्सरमधून जाताना ५५ पर्यंत तापते आणि तशीच रेडिएटरवर येते. रेडिएटर ९५ ला असेल तर एसीविना फरक ५३ अंशांचा, एसीसकट ४० चा. म्हणजे उष्णता टाकायची ताकद एका फटक्यात चौथ्या हिश्शाने कमी, वर कॉम्प्रेसरचा इंजिनावर बोजा वेगळाच. धडधाकट यंत्रणेत एवढी शिल्लक असते. जुन्या गाडीत ती कुठे कुठे गळून गेलेली असते, म्हणून एसीनेच ती कमतरता उघडी पडते.

या डबीचा खरा उपयोग तिथेच आहे. आकडा किती, यापेक्षा तो कधी चढतो आणि कधी उतरतो हे बघायचं. गाडी उभी असताना चढतो आणि रस्त्याला लागल्यावर उतरतो, तर हवा कमी पडतेय: फॅनची मोटर, तिचे झिजलेले ब्रश, रिले, नाहीतर फॅनभोवतीचं तुटलेलं प्लास्टिकचं कवच. एसीचं बटण दाबल्यावर काही सेकंदांत फॅन फिरला पाहिजे. बॉनेट उघडून बघा. उलट, उभी असताना ९४ आणि वेगात किंवा चढावर १०४ च्या पुढे, तर पाणी कमी फिरतंय: रेडिएटरच्या नळ्या आतून बुजल्यात, वॉटर पंपाची पाती झिजलीत किंवा थर्मोस्टॅट अर्धाच उघडतोय. एसी बंद असताना सगळं ठीक आणि चालू केल्यावरच चढ, तर कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधली जागा बघा, आणि एसीत गॅस जास्त भरलाय का तेही. छोट्या हॅचबॅकमध्ये साधारण साडेतीनशे ते पाचशे ग्रॅम गॅस असतो, नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो, आणि तो वजन करूनच भरायचा असतो. ‘पाइप गार लागेपर्यंत’ भरलेला गॅस कंडेन्सर तापवतो आणि मागोमाग रेडिएटर. आणि थंड गाडी चालू केल्याबरोबर रेडिएटरात सतत बुडबुडे, होज लगेच टणक, पाणी कमी होतंय पण गळती कुठे नाही, असं असेल तर हेड गॅसकिट, म्हणजे इंजिनाच्या हेड आणि ब्लॉकमधलं सील, गेलंय. तिथे आकडे बघत बसू नका, गाडी उभी करा.

या गाडीत मार्चपर्यंत उभ्या गाडीचा आकडा हळूहळू ९७ वरून १०४ वर आला होता. काटा अर्थातच मध्यावर. कारण पुढून दिसत नव्हतं, कंडेन्सरची जाळी बरी होती. बंपर उतरवून कंडेन्सर थोडा पुढे घेतल्यावर मधल्या फटीत कापसाचे तंतू आणि काळ्या मातीचा फुफाटा मिळून नमद्यासारखा थर बसलेला निघाला. आपल्याकडे हे होणारच: हंगामात जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांचा कापूस रस्त्याभर उडतो आणि पावसाळ्यातली माती त्याला चिकटवून टाकते. धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारायचं, साध्या नळीने. सर्व्हिसिंगचा प्रेशर गन जवळून मारला की पातळ पट्ट्या आडव्या होतात आणि हवा कायमची अडते. दोन तास गेले, आकडा ९७ वर आला. परत बसवताना रेडिएटरच्या कडेचे फोमचे पट्टे विसरू नका. ते नसले की हवा रेडिएटरमधून न जाता बाजूने पळते.

बोअरच्या पाण्याबद्दल कळकळीने सांगावंसं वाटतं. आपल्या भागातलं बोअरचं पाणी जड असतं, आणि रेडिएटरात ते वर्षानुवर्षं टाकलं की नळ्यांत पांढरा थर धरतो. तो नंतर पूर्ण काढणं अवघड असतं. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणीच वापरा. कूलंट बदलताना होणारी चूक मात्र वेगळीच असते. या गाडीत एकूण चार लिटर बसतं, पण खालचा नळ सोडल्यावर जेमतेम सव्वादोन लिटर निघतं. बाकी ब्लॉक आणि हीटरमध्ये राहतं. वरून तयार मिश्रण ओतलं की आत ते पातळच होतं. म्हणून तीन वेळा डिस्टिल्ड पाणी भरून, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवून, थंड करून रिकामं करायचं. शेवटच्या वेळी नळ बंद करून आधी घट्ट (पाणी न मिसळलेलं) कूलंट दोन लिटर आणि मग मावेल तेवढं पाणी. हवा काढायला गाडीचं तोंड चढाकडे, हीटर पूर्ण गरम, झाकण सुरुवातीपासून उघडं, फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत. झाकण गरम गाडीवर कधीच उघडू नका, पाऊण तास थांबा.

‘आपल्याकडे थंडीच नाही, थर्मोस्टॅट काढून टाका’ हा सल्ला गॅरेजांत सर्रास मिळतो. ऐकू नका. थर्मोस्टॅट काढलेली गाडी हिवाळ्यात मोकळ्या रस्त्यावर ७० वरच राहते, कॉम्प्युटर तिला थंड समजून पेट्रोल जास्त देतो. आणि ज्या इंजिनात थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करतो, तिथे तो नसला की तापलेलं पाणी रेडिएटरात न जाताच परत फिरतं. मग मे महिन्यात गाडी जास्तच तापते. डबीवर सतत ७५ च्या खाली दिसत असेल तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय किंवा कुणीतरी काढलाय.

डबी घेताना दोन गोष्टी. एप्रिल २०१३ च्या आधीच्या गाड्यांत सॉकेट असूनही ती बोलेलच असं नाही. आधी कुणाची तरी लावून बघा. आणि स्वस्त डब्यांत आवृत्ती १.५ लिहिलेली घ्या; २.१ लिहिलेल्या बऱ्याच नकलांत जुन्या गाड्यांची भाषाच गाळलेली असते. रात्री काढून ठेवा. लावून ठेवलेली डबी आठवडाभर उभ्या गाडीची अशक्त बॅटरी उतरवते. सेन्सर खरं बोलतोय का हे तपासायला रात्रभर उभ्या गाडीत सकाळी इंजिन चालू न करता फक्त किल्ली फिरवायची: पाण्याचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान दोन-तीन अंशांच्या आत जुळलं पाहिजे. उणे ४० दिसलं तर सेन्सरची वायर तुटलीय.

ॲपमध्ये १०५ ला गजर लावलाय. तो वाजला की एसी बंद, हीटर आणि ब्लोअर पूर्ण, गिअर एक खाली. ११० दिसलं तर बाजूला घेऊन उभं राहायचं. पण एका वेळी हा गजर वाजणारच नाही: होज फुटून पाणी निघून गेलं की सेन्सर वाफेत लटकतो आणि आकडा वर जाण्याऐवजी खाली येतो. चढावर, एसी चालू असताना, ९९ वरून अचानक ७५ दिसलं आणि हीटरची हवा गार झाली, तर इंजिन त्याच क्षणी बंद करा.